डावीकडचा बुधला

तळघरावरचं घर,
सोमवार, सकाळचा चहा झाल्यावर

तीर्थस्वरूप अक्कांना,

वाकून नमस्कार. (कंबर धरली आहे, त्यामुळे पुरतं वाकता येत नाही. जेवढं वाकलो तेवढं गोड मानून घ्यावं, उरलेलं भेटीत.) तुमचा गुडघा आता कसा आहे? मागच्या पत्रात तुम्ही लिहिलं होतं की जिना चढताना गुडघ्यातून कुटकुट आवाज येतो. आमचे डॉक्टर म्हणतात, आवाज येतोय तोवर काळजी नाही, बंद झाला की दाखवा. पण आमचे डॉक्टर काहीही म्हणतात. माझ्या कंबरेला त्यांनी पोहायला सांगितलं आहे. भाऊसाहेबांचा खोकला थांबला असेल अशी आशा करतो. मी ठीक आहे. ठीक म्हणजे उठतो, बसतो, कपडे वाळत घालतो, वाळले की काढतो. भूक लागत नाही, पण जेवतो, कारण जेवलो नाही तर संध्याकाळ फार लांबते.

पत्र लिहिण्याचं कारण एवढंच, की तुमच्या धाकट्या बहिणीचं राखाडी स्वेटर इथे दाराच्या मागे राहिलं आहे. थंडी सुरू झाली. पार्सलनं पाठवू का, तेवढं कळवावं. बाकी काही नाही. तिला परत बोलावण्यासाठी मी हे लिहितो आहे असा तुमचा समज होत असेल तर कृपा करून तो डोक्यातून काढून टाकावा. "आठ दिवस अक्काकडे राहून येते" असं सांगून ती निघाली, त्याला आज सात आठवडे झाले. मी काही म्हटलं? एक अक्षर म्हटलं नाही. माणसाला बहिणीकडे राहावंसं वाटतं, राहावं. आणि हो, हे पत्र तिला वाचून दाखवू नये. (ती शेजारच्या खोलीत असली तर मुद्दाम हळू वाचायचीही गरज नाही. तुमचा आवाज मुळातच खणखणीत, त्याला तुम्ही तरी काय करणार?)

तिनं तुम्हाला काय सांगितलं ते मला माहीत नाही. "माझं नाक गेलं, म्हणून काम सोडलं," एवढंच सांगितलं असणार, कारण ती लोकांपाशी एवढंच म्हणते. म्हणून मुळापासून सांगतो. तुम्हाला आमचं काम ठाऊक आहे, पण भाऊसाहेबांची अजून समजूत आहे की आम्ही दिवसभर तळघरात बसून पितो आणि त्याचाच पगार घेतो. तेव्हा त्यांच्यासाठी पुन्हा एकदा.

आमच्याकडे जी मोठी वाइन होते तिला आम्ही नुसतं 'काळी' म्हणतो. एकाच जातीच्या द्राक्षाची. बारीक दाणा, जाड साल, रंग असा की तोडणाऱ्यांचे हात आठवडाभर धुतले जात नाहीत. त्यात दुसऱ्या जातीचा एक घोस जायचा नाही, हा मालकीणबाईंचा कायदा, आणि बाटलीवरच्या चिठ्ठीवर तसं छापलेलंही आहे: 'एकच द्राक्ष, दुसरं काही नाही.' ही वाइन ताजी असताना कुणी पिऊ नये. इतकी तुरट असते की हिरड्या आवळतात आणि माणूस पाच मिनिटं शिट्टी वाजवल्यासारखं तोंड करून बसतो. म्हणून ती अठरा महिने ओकच्या पिंपात ठेवायची. लाकूड तिला हळूहळू समजावतं. अठरा महिन्यांनी ती तोंडात घेतली की पाण्यासारखी पळून जात नाही, ऐसपैस बैठक मारते. फक्त एक गोष्ट: लाकूडही पितं. महिन्याभरात पिंपातली पातळी दोन-चार बोटं उतरते, वर हवा शिरते, आणि हवा शिरली की काळीचं व्हिनेगर व्हायला वेळ लागत नाही. म्हणून दर महिन्याला बूच काढून पिंप पुन्हा काठोकाठ भरायचं, त्याच वाइननं. याला आम्ही 'भर घालणं' म्हणतो. हे माझं काम. सव्वीस वर्षं करतो आहे.

तुमच्या बहिणीचं काम यापेक्षा वरचं. पिंपात काचेची नळी घालून दोन घोट काढायचे, पेल्यात फिरवायचे, नाक लावायचं आणि सांगायचं: ही झाली, ही अजून चार महिने ठेवा, या पिंपाचं लाकूड थकलं. आपल्या बायकोचं आपणच कौतुक करू नये, पण अक्का, तिला पेला दिला की कुठल्या पिंपातला ते ती सांगायची. सिगारेट सोडल्याचं मी तिला सांगितलं त्यानंतर तिसऱ्या दिवशी तिनं माझ्या मफलरला नाक लावलं आणि म्हणाली, "काल दुपारी, दोन." दोनच ओढल्या होत्या. अशा बाईबरोबर एकतीस वर्षं संसार करायचा म्हणजे माणूस आपोआप प्रामाणिक होतो, असं मला वाटत होतं.

आता मांडणीचं सांगतो. तळघराच्या मधोमध एक लाकडी मांडणी आहे, दोन्ही बाजूंनी उघडी, आणि तीवर भर घालण्याच्या वाइनचे काचेचे बुधले. डाव्या हाताला काळीचे. उजव्या हाताला दुसऱ्या एका हलक्या, लवकर पिकणाऱ्या द्राक्षाच्या वाइनचे, जिला आम्ही 'लवकरची' म्हणतो. ती पिंपात कधी जातच नाही, तशीच बाटलीत भरून वर्षाच्या आत विकतात. तळघरातला दिवा मिणमिणता, त्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात. म्हणून तुमच्या बहिणीनं काळीच्या बुधल्यांच्या गळ्याला काळा दोरा बांधून ठेवला होता आणि लवकरचीच्या गळ्याला पांढरा. मी हसलो होतो. म्हटलं, दोरे नवशिक्यांसाठी, माझ्या हाताला सगळं ठाऊक आहे. आणि होतंच ठाऊक. पुढच्या जिन्यानं उतरायचं, बारा पावलं चालायचं, डावा हात पुढे करायचा. सव्वीस वर्षांत एकदाही दोऱ्याकडे बघितलं नाही, आणि बघत नाही याचाच रुबाब मारला.

मग पुढचा जिना खचला. सात पायऱ्या. सातच. त्यासाठी मालकीणबाईंनी जो गवंडी लावला त्यानं चार महिने घेतले. पहिल्या महिन्यात त्यानं पायऱ्या फोडल्या आणि नुसत्या बघत बसला. दुसऱ्यात त्याची पाठ धरली. (मी त्याला माझ्या डॉक्टरांकडे पाठवलं. त्यालाही पोहायला सांगितलं.) तिसऱ्यात वाळू चांगली नव्हती, चौथ्यात वाळू चांगली होती पण तो नव्हता. माणूस स्वभावानं गोड, त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येईना. तर ते चार महिने आम्ही सगळे मागच्या दारानं तळघरात जात होतो, जिथून कधीकाळी फक्त रिकामी पिंपं बाहेर काढत. मागच्या दारानं आत यायचं, बारा पावलं चालायचं, डावा हात पुढे करायचा.

अक्का, तुम्ही शाळेत शिकवलेलं आहे, तुमच्या एव्हाना लक्षात आलं असेल. माझ्या लक्षात यायला चार महिने लागले. मागच्या दारानं आलं की माणसाचं तोंड उलटीकडे असतं आणि डावा हात लवकरचीवर पडतो, एवढी साधी गोष्ट. चार महिने, दर महिन्याला, सहाच्या सहा पिंपांत मी काळीच्या डोक्यावर लवकरची ओतत होतो, आणि ओतताना शिट्टी वाजवत होतो. प्रमाण म्हणाल तर फारसं नाही, बादलीभर पाण्यात वाटीभर दूध. पण चिठ्ठीवर 'दुसरं काही नाही' असं छापलेलं आहे.

चौथ्या महिन्याच्या अखेरीला पाहणी होती. मालकीणबाई होत्या, कचेरीतले दोघं-तिघं होते आणि गुळणेसाहेब होते. हे बाहेरून येणारे सल्लागार. वाइन तोंडात घेऊन गुळणी करायची आणि पितळी भांड्यात थुंकायची हा त्यांचा व्यवसाय, म्हणून आमच्यात त्यांचं हे नाव पडलं. खरं काय आहे ते आता कुणालाच आठवत नाही. त्यांनी पेला नाकाखाली धरला, डोळे मिटले आणि म्हणाले, "जांभूळ, चामडं, जुनी पुस्तकं." ते नेहमी हेच म्हणतात. एकदा धुतलेल्या रिकाम्या पेल्यातही त्यांना जुनी पुस्तकं सापडली होती. मग पेला तुमच्या बहिणीकडे आला. तिनं वास घेतला. पुन्हा घेतला. मग माझ्याकडे वळून हळूच म्हणाली, "अहो, हिच्यात कुणीतरी पाहुणा आहे."

आणि मी काय बोललो? उचलली जीभ लावली टाळ्याला. सगळ्यांदेखत म्हणालो, "पाहुणा कसला? काळी तीच आहे, नाक म्हातारं झालं तुझं." सगळे हसले. मालकीणबाईसुद्धा हसल्या. गुळणेसाहेब म्हणाले की हे वयाबरोबर व्हायचंच, खुद्द त्यांच्या गुरूंचं नाक बावन्नाव्या वर्षी गेलं. मला वाटलं होतं ती मला काहीतरी सणसणीत ऐकवेल, नेहमी ऐकवते तसं, आणि मग सगळे माझ्यावर हसतील आणि विषय संपेल. पण तिनं पेला खाली ठेवला आणि हात पुसले. मांडणी तिच्यापासून पाच पावलांवर होती. जाऊन एकदा दोरे बघितले असते तर मिनिटभरात सगळं उघडं पडलं असतं. पण ती गेली नाही, कारण भर घालण्याचं काम माझं होतं. तिनं स्वतःच्या नाकावर शंका घेतली, माझ्या हातावर घेतली नाही. हे मला तेव्हा कळलं नाही, अक्का. आता कळतं, आणि कळलं की हातातला घास खाली ठेवावा लागतो.

दुसऱ्या दिवशी तिनं चव-खोलीची किल्ली मालकीणबाईंना नेऊन दिली. म्हणाली, नाक गेलं, चुकीचं सांगायला लागले तर तुमचं नुकसान होईल. त्यांनी थांबवलं नाही. घरी आल्यावर मला वाटलं, चला, दोन दिवस रुसेल, तिसऱ्या दिवशी भांडेल, चौथ्या दिवशी ठीक. पण ती रुसली नाही, भांडली नाही. घाबरली. सकाळी दुधाचं पातेलं घेऊन माझ्यासमोर यायची आणि विचारायची, "अहो, हे जरा बघता का? लागलंय का हे?" जी बाई जिन्यावरून सांगायची की शेजारणीचं दूध उतू जातंय, ती मला दुधाचं विचारत होती. मला! मला काय कळतंय? मी आपलं नाक खुपसायचो आणि म्हणायचो, "चांगलं आहे." दोनदा चांगलं नव्हतं. दोन्ही वेळा ते तिनं माझ्यावर भरवसा ठेवून प्यायलं.

यानंतर जे आहे ते लिहिताना पेन दोनदा खाली ठेवलं. गवंड्यानं अखेर सातवी पायरी बसवली. मी रुबाबात पुढच्या जिन्यानं उतरलो, बारा पावलं चाललो, डावा हात पुढे केला आणि डावीकडचा बुधला उचलायला गेलो, तर तो उचलेना. गळ्यापर्यंत भरलेला. चार महिने ज्यातून ओतत होतो तो भरलेला कसा? मग पलीकडे बघितलं. पलीकडचा रिकामा, आणि त्याच्या गळ्याला पांढरा दोरा. मी सावकाश जाऊन नव्या पायरीवर बसलो. सिमेंट ओलं होतं, पँट गेली, तेही घरी जाईपर्यंत कळलं नाही. हे मला कधी कळलं, ते आता सांगतो. ती तुमच्याकडे निघण्याच्या तीन दिवस आधी. तीन दिवस मला माहीत होतं की तिचं नाक शाबूत आहे. तीन दिवस ती पातेलं घेऊन समोर आली आणि मी "चांगलं आहे" म्हणत राहिलो. सांगायचं ठरवून मी जेवायला बसायचो आणि भाजीत मीठ कमी आहे असं सांगून उठायचो. चौथ्या दिवशी तिची बॅग मीच उचलून बसथांब्यावर नेली. बस हलायच्या आधी ती खिडकीतून म्हणाली, "दुधाचं तेवढं बघत जा." मी म्हणालो, "हो."

खाई त्याला खवखवे म्हणतात. मला सात आठवडे नुसतं खवखवतंय. पहिल्या आठवड्यात मी स्वतःला पटवलं की एवढ्याशा लवकरचीनं काय होतंय. सहाही पिंपांतली काळी काढून चाखून बघितली, मला काही फरक कळला नाही, आणि बरं वाटलं. मग आठवलं की मला फरक कळत नाही म्हणूनच तर हे झालं. दुसऱ्या आठवड्यात डोक्यात आलं की पिंपं गळताहेत असं दाखवावं, म्हणजे माल बाद होईल आणि कुणाला काही सांगावं लागणार नाही. दोन बादल्या पाणी घेतलं, रंगासाठी त्यात लवकरची मिसळली आणि पिंपांखाली ओतून ओरडलो, "गळतंय, गळतंय!" सगळ्यांत आधी गुळणेसाहेब धावत आले. नव्या जिन्यावरून. त्या गवंड्यानं चार महिने लावून पायऱ्या इतक्या गुळगुळीत केल्या आहेत की साहेब तिसऱ्या पायरीवरून थेट त्या पाण्यातच बसले. बसल्या बसल्या त्यांनी बोट बुडवून चाटलं, डोळे मिटले आणि आर्त आवाजात म्हणाले, "काळी! अठरा महिन्यांची! अरेरे, काय हा नाश!" बारा आणे पाणी होतं, अक्का. मला हसू यायला हवं होतं. पण मनात आलं, हा माणूस हसला होता तिला, आणि मी याच्या बाजूनं उभा होतो. पिंपं तपासली, कोरडी निघाली, आणि साहेबांच्या पाठीला शेक द्यायचं काम माझ्यावर आलं.

घरातलं म्हणाल तर घर आहे तसंच आहे. दूध मी आता घेतच नाही, काळा चहा पितो. शेजारीण विचारते, "केव्हा येणार?" मी सांगतो, अक्कांचा गुडघा बरा झाला की. त्यामुळे तुमच्या गुडघ्याबद्दल इथे फार चिंता आहे, आणि दोघीतिघींनी तेल पाठवू का म्हणून विचारलं आहे. राग मानू नये. माझ्यापाशी दुसरं काही कारण नव्हतं.

परवा शनिवारी मोठी चव-परीक्षा झाली. बाहेरगावचे खरेदीदार आले होते, आठ जण, गळ्यात रुमाल लावून. लांब टेबल, पांढरी चादर, सहा पिंपांचे सहा पेले प्रत्येकापुढे. कंबरेवर हात ठेवून मी भिंतीशी उभा होतो. मनात म्हटलं, आता कुणीतरी म्हणेल, पाहुणा आहे. एक तरी म्हणेल. पहिल्यानं मान डोलावली. दुसऱ्यानं दुसऱ्यांदा मागितली. गुळणेसाहेब उभे राहिले (एका बाजूला कलून, पाठ अजून बरी नाही) आणि म्हणाले, "यंदाच्या काळीत जो शुद्धपणा आहे तो मी तीस वर्षांत पाहिला नाही. हिला म्हणतात एकच द्राक्ष!" टाळ्या पडल्या. सुंठीवाचून खोकला गेला म्हणतात तो असा. माझी चूक जगात कुणालाही कळणार नव्हती. त्या आठांना नाही, मालकीणबाईंना नाही, पुढे बाटल्या फोडून पिणाऱ्या हजारांना नाही. जी एकटी ओळखू शकत होती तिनं ओळखलं होतं, आणि ती तुमच्याकडे बसून तुम्हाला दुधाचं विचारत असेल. मी भिंतीशी गप्प उभा राहिलो आणि टाळ्या थांबल्यावर पेले गोळा केले.

तर हे असं आहे. तुम्ही थोरल्या आहात, चार बोल सुनवावेसे वाटले तर सुनवावेत, माझी तक्रार नाही. तिच्या नाकाला काहीही झालेलं नाही, एवढं तिला तुमच्या तोंडून कळलं तरी पुरे. (म्हणजे पत्र वाचून दाखवू नये असं वर लिहिलं आहे ते रद्द समजावं. गुळणेसाहेब पडले तो भाग तर दोनदा वाचावा, तिला आवडेल.) स्वेटरचं कळवावं. भाऊसाहेबांना नमस्कार, आणि त्यांना सांगावं की हे पत्र लिहिणाऱ्यानं आज चहाशिवाय काही प्यायलेलं नाही.

आपला,
धाकटीचा नवरा (सध्या एवढंच)

ताजा कलम: वर मी लिहिलं आहे की शनिवारी भिंतीशी गप्प उभा राहिलो आणि पेले गोळा केले. ते खरं नाही. पेले गोळा करायला पुढे झालो इथपर्यंत खरं. चौथा पेला हातात असताना मी बोललो. काय बोललो ते सलग आठवत नाही. जिना, गवंडी, डावा हात, सगळं उलटसुलट बाहेर आलं. शेवटी म्हणालो की या तळघरात एकच नाक होतं, तिनं चार महिन्यांच्या आत ओळखलं आणि मी तिला म्हातारी म्हणालो. खरेदीदारांना वाटलं मी प्यायलो आहे. मालकीणबाईंना तसं वाटलं नाही. त्या उठल्या आणि स्वतः जाऊन मांडणीवरचे दोरे बघून आल्या. हे आधी का लिहिलं नाही? लिहिलं असतं तर फुशारकी वाटली असती, आणि फुशारकीपायीच तर हे सगळं झालं. शिवाय बोललो म्हणून मी काही मोठा झालो असं नाही. सात आठवडे उशिरा बोललो.

ताजा कलम दुसरा: मालकीणबाई ओरडल्या नाहीत. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी नुसता हात पुढे केला आणि मी कमरेचा किल्ल्यांचा जुडगा काढून दिला. सहाही पिंपं चिठ्ठीशिवाय, साधी म्हणून जातील. सोबत जे बंद पाकीट आहे ते त्यांच्या हातचं आहे आणि तुमच्या बहिणीच्या नावानं आहे. मी फोडलेलं नाही, पण आत काय आहे ते त्यांनी मला उभं करून सांगितलं: सबंध तळघर यापुढे तिच्या हाताखाली, पगार माझ्यापेक्षा बराच जास्त, आणि आधी मालकीणबाई स्वतः तिची माफी मागणार. खाली बाटल्या धुण्याच्या खोलीत एका माणसाची जागा आहे. ती कुणाला द्यायची हेही तीच ठरवणार. मी अर्ज केलेला नाही. अर्जात अनुभव लिहावा लागतो.

ताजा कलम तिसरा, आणि अक्का, खरं पत्र एवढंच आहे: हे तळघरावरचं घर तळघर सांभाळणाऱ्याला मिळतं, हे तुम्हाला माहीत नसेल. सव्वीस वर्षं ते माझ्या नावावर होतं. येत्या पहिल्या तारखेपासून तिच्या नावावर होईल. तेव्हा तिला परत पाठवा असं मी म्हणत नाही, म्हणायचा मला हक्कच उरलेला नाही. ती येईल ती स्वतःच्या घरी येईल. मला फक्त एवढंच विचारून हवं आहे, की त्या घरात मी राहू का. तिचं उत्तर आहे तसंच कळवावं, तुमच्याकडून साखर घालू नये. नाही म्हणाली तर किल्ली शेजारणीकडे ठेवून ती यायच्या आदल्या दिवशी मी निघेन, तिला माझं तोंडही बघावं लागणार नाही. माझे कपडे ट्रंकेत भरून ट्रंक दोरीनं बांधून ठेवली आहे. निरगाठ मारलेली नाही, सुरगाठ मारली आहे.